विमानाचं नाक पूर्वेकडे

"हे तुम्ही मानणार नाही," मी म्हणालो, "आणि मानूच नका. मी स्वतः तिथे उभा होतो, तरी मला अजून पटत नाही. मग तुमचं काय घेऊन बसलात!"

नीउ-व्हेनेपमधल्या आमच्या मुलाच्या, सारंगच्या, घरामागची टीचभर बाग. ऊन पडलं होतं, आणि या देशात ऊन पडल्यावर घरात बसणं म्हणजे गुन्हाच, म्हणून सगळे खुर्च्या घेऊन बाहेर. साल दोन हजार बावीस. माणसं एकमेकांच्या इतक्या जवळ बसायला नुकतीच पुन्हा शिकत होती. सारंगचा मित्र प्रसन्न आणि त्याची बायको चित्रा आल्मेरेहून ट्रेननं आली होती. प्रसन्न नुकताच अमेरिका करून आला होता आणि फोनवरचे फोटो दाखवत होता. तांबडी जमीन, हात वर केलेले निवडुंग, आणि मधोमध पांढरंशुभ्र, दोन मनोऱ्यांचं जुनं कॅथलिक मिशनचं चर्च.

"चारी बाजूंनी वाळवंट, काका! आणि मध्ये हे. असलं काही जगात दुसरीकडे नाही."

"त्यासाठी अमेरिकेला कशाला गेलास?" मी म्हणालो. "मी इथेच पाहिलंय. नेदरलँड्समध्ये. वाळवंट, वाळवंटात मिशनचं चर्च, आणि दारात दोन उंट."

हे झालं आणि मग मी ते वरचं वाक्य म्हणालो.

प्रसन्न मोठ्यानं हसला. "काका, या लोकांनी पाणी उपसून जमीन काढली. आपण बसलोय ना, तो तलावाचा तळ आहे. इथे वाळवंट?"

माझी बायको लीलावती खुर्चीत मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं आहे. उंट एकच होता."

प्रसन्नचं हसू जरा अडखळलं. मी खुर्ची पुढे ओढली.

तर ऐका. आम्ही दोघं आलो वीस सालच्या फेब्रुवारीत, नातीच्या, संहिताच्या, वाढदिवसाला. एप्रिलची परतीची तिकिटं खिशात. आणि मार्चमध्ये जगाचं शटर खाली आलं. हे घर विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. आलो तेव्हा विमानं इतकी खालून जायची, की मी एकदा हात केला तर खिडकीतल्या बाईनं उलट हात केला होता.

"काका!"

बरं, नसेल केला. सांगायचं ते असं, की ती विमानं एकाएकी थांबली. आकाश असं रिकामं, की ढगांनाही ओशाळल्यासारखं व्हावं. लीला दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी. आठवड्यात एखादं मालवाहू विमान गेलं, तर हातातलं लाटणं घेऊन बाहेर धावायची. "अहो, गेलं एक! पूर्वेकडे गेलं!"

आता तुम्ही म्हणाल, मुलाच्या घरी होती, नात जवळ, खायला-प्यायला भरपूर, हिला घाई कसली? तर ठाण्याला हिची थोरली बहीण होती. ताई. यांची आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या घालण्यापासून हिला बोहल्यावर उभं करण्यापर्यंत सगळं ताईनं केलं, आणि त्या गडबडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. एका कानानं कमी ऐकू यायचं. कुकरच्या शिट्ट्या, दूधवाल्याची हाक, काही कळायचं नाही. पण लीलाची चप्पल पहिल्या मजल्यावर वाजली, की ही वर दार उघडून हजर! "आलीस? किती वाळलीस!" लीला वाळलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही, पण ताईला दिसायची. अडीअडचणीला असावी म्हणून तिच्या घराची एक किल्ली लीलाच्या पर्समध्ये असायची. आजवर ती कुलपाला लागली नव्हती. किल्ली जाऊ द्या, घंटासुद्धा आम्ही कधी वाजवली नाही. हिचा हात घंटेपर्यंत जायच्या आत दार उघडायचं.

त्या उन्हाळ्यात ताईचे पाय सुजायला लागले. मग जिना उतरेना, मग धाप. डॉक्टर फोनवर. शेजारीण दाराबाहेर डबा ठेवून लांब व्हायची. रोज चारला ताईचा फोन, आणि रोज एकच वाक्य: "तू ये गं. मला बाकी काही नको." आणि इकडे तिकीट काढलं की रद्द, काढलं की रद्द. खास विमानांसाठी सारंगनं नावं नोंदवली, तिथे आमच्या आधी अर्धा भारत उभा.

एक दिवस लीला भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "कुठे चुकलं ते कळलं मला. विमानाचं नाक."

"कुठल्या विमानाचं?"

"बांद्र्याच्या."

चित्रा म्हणाली, "बांद्र्याला विमान?"

अगं, मेणाचं! सारंगचा व्हिसा अडकला होता तेव्हा हिनं माउंट मेरीला नवस केला होता. आपल्याकडचं कोण जात नाही तिथे? रस्त्यावर मेणाचे हात, पाय, पाळणे, घरं विकायला असतात. ज्याला जे हवं, ते त्यानं माउलीपुढे नेऊन ठेवायचं. हिनं विमान घेतलं आणि नीट ठेवलं. पण नाक कुणीकडे? समुद्राकडे. म्हणजे पश्चिमेला. आठवड्यात व्हिसा आला. सारंग पश्चिमेला. पाठोपाठ मंजूषा. मग आम्ही. सगळं घर समुद्रापार, आणि परत कुणी नाही!

"मी फक्त जायचं मागितलं होतं," लीला म्हणाली. "यायचं मागायचं राहूनच गेलं. आता दुसरं विमान ठेवायला हवं. नाक पूर्वेकडे."

आमची सून मंजूषा लॅपटॉपमागून म्हणाली, "आई, त्यापेक्षा एअरलाइनच्या हेल्पलाइनला लावा ना."

"ती लागत नाही," लीला म्हणाली. "ही लागते."

झालं. मेरीमाता शोधायला निघालो. गावातलं जुनं चर्च गाठलं, तर तिथे फ्लॅट झालेले. दारावर घंटेऐवजी नावांच्या पाट्या, आणि वेदीच्या जागी कुणाच्या तरी सायकली. पुढच्या गावातलं गाठलं, तर आत भिंतीवर चढायचा खेळ सुरू केला होता. तोही कोरोनामुळे बंद. तिसरं खरंच चर्च निघालं, पण कुलूप, आणि आधी ऑनलाइन नाव नोंदवा म्हणून सूचना. लीला त्या दाराशी उभी राहिली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मला ते बघवेना.

आणि मला काही बघवेनासं झालं की माझं तोंड सुटतं. मी म्हणालो, "अगं, हे काय घेऊन बसलीस! या देशात एक वाळवंट आहे. त्यात मिशनचं फार जुनं चर्च आहे. तिथली माउली खास अडकलेल्या प्रवाशांची. सगळे दर्यावर्दी आधी तिच्याकडे जायचे."

"दर्यावर्दी वाळवंटात जायचे?" लीला म्हणाली.

"समुद्राला कंटाळून."

मला वाटलं, ती 'पुरे' म्हणेल. पण तिनं त्याच दिवशी सारंगला सांगितलं. सारंगनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून तो माझ्याकडे जसं बघत आला, तसं. मग फोन काढला, बोटानं दोनदा वर-खाली केलं आणि त्याचा चेहरा बदलला. "बाबा... आहे. ब्राबांट प्रांतात. नुसती वाळू. लोक तिला सहाराच म्हणतात."

प्रसन्न, माझं खोटं खरं निघायची आयुष्यातली पहिलीच वेळ होती ती. मी एवढा घाबरलो, की सांगता सोय नाही. कारण वाळवंट निघालं, पण चर्च कुठून आणू?

तोवर विमान करायला घेतलं. मी वागळे इस्टेटमधल्या फाउंड्रीत जन्मभर पॅटर्नमेकर. म्हणजे जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात कोरायचा, ओल्या वाळूत ठोकून त्याची पोकळी उठवायची आणि मग त्यात रस ओतायचा. पंपाच्या बॉड्या केल्या, झडपा केल्या. एकदा हवाई दलासाठी आख्खं विमानही...

"अहो," लीला म्हणाली.

बरं, विमान नाही केलं. पण हे केलं! लाकूड म्हणून मंजूषाची चीज कापायची फळी घेतली. वाळू संहिताच्या वाळूपेटीतली. मेण म्हणजे हेमा नावाच्या इथल्या दुकानातून आणलेले पांढरे छोटे दिवे, वाती उपसून कुकरच्या डब्यात वितळवलेले. वासावर मंजूषा मीटिंग सोडून खाली आली.

"बाबा! तो वरणाचा डबा आहे!"

"आजपासून विमानाचा."

पहिल्याचा पंख वाळूतच राहिला. दुसरं शाबूत निघालं, पण शेपटीकडे जरा जाड. लीलानं तळहातावर घेऊन सगळीकडून पाहिलं. "हा बोंबील आहे."

"बोंबलाला पंख असतात का?"

"म्हणूनच तर कीव येते त्याची."

संहितानं डोकावून पाहिलं आणि डच भाषेत विचारलं, हा मासा आहे का. तरी मी म्हणतो, ते विमान होतं. कोल्डबॅगमध्ये दह्याच्या डब्याशेजारी ठेवलं आणि शनिवारी निघालो.

पाइनचं रान संपलं आणि समोर वाळू! किनाऱ्यावर असते तशी चिमूटभर नव्हे. टेकडीमागे टेकडी, वर भगभगीत आकाश, आणि पाण्याचं नाव नाही. लीलानं चपला काढून हातात घेतल्या. देवीला जायचं तर अनवाणीच. पाय ठेवला आणि किंचाळली, "अगंबाई, भाजतंय!" आणि हसायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली. पळत पुढे जायची, वाळू भाजली की साडीच्या घोळात पाय लपवून उभी राहायची, पुन्हा पळायची. सत्तरीची बाई! सारंग म्हणाला, "आई, पडशील!" तर म्हणते, "पडले तर वाळूतच पडेन ना!"

आणि टेकडी ओलांडली, तर उंट.

"एक," लीला म्हणाली.

एक उंट! एक सर्कस आमच्यासारखीच अडकून पडली होती. खेळ बंद, जायला बंदी, म्हणून जनावरं रानाच्या कडेला चरायला बांधलेली. मंजूषाला ते एका पाटीवरून कळलं. मला तर वाटलं, मी बोललेलं एकेक पुढे येऊन उभं राहतंय. लीलानं डब्यातला पोळीचा लाडू काढून उंटाला दिला आणि म्हणाली, "तुझंही विमान चुकलं का रे?"

"काकू, हे खरं?" प्रसन्ननं विचारलं.

"लाडू खाल्ला त्यानं," लीला म्हणाली. "हात चाटला. संहिता दिवसभर वास घेत होती माझ्या हाताचा."

आता चर्च. मी जीव मुठीत धरून चाललो होतो. तेवढ्यात समोरून एक म्हातारा-म्हातारी काठ्या टेकत आली. सारंगनं त्यांना डचमध्ये काहीतरी विचारलं. त्यांनी काठ्या उचलून पुढच्या टेकडीकडे दाखवलं. अरे, ते चर्च तर मी रचलं होतं!

पण होतं. पांढरं नव्हतं, विटकरी होतं, तेवढं माझं चुकलं. चार बाकं मावतील एवढं. बाहेरच्या फलकावरचं सारंगनं वाचून दाखवलं: इथे पूर्वी मिशनचं मोठं घर होतं. आफ्रिकेत जाणाऱ्या तरुण फादरांना वाळूची सवय व्हावी म्हणून आधी इथे ठेवायचे. घर गेलं, एवढं देऊळ राहिलं. वारा रोज वाळू आणून उंबऱ्यावर टाकतो. ती झाडायला एक नव्वदीचे फादर होते, हातात खराटा, तोंडावर प्लास्टिकचा पडदा. आणि दारावर पाटी: एका वेळी दोघांनीच आत यावं.

मग आम्ही दोघं गेलो. सारंग-मंजूषा बाहेर, म्हणजे डच येणारं आत कुणी नाही.

समोर वेदी, वर मेरीमाता. लाकडाची, काळवंडलेली, एका हाताची दोन बोटं गेलेली. लीला पुढे झाली आणि वेदीवर विमान ठेवलं. पोटावर आडवं, नाक बरोबर पूर्वेला. मी फोनवर दिशा पाहून घेतली होती. हात जोडले, आणि कोरोनाच्या नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरली.

फादरांचे डोळे भरून आले. ते पुढे झाले, विमान उचललं आणि शेपटीवर उभं केलं. मग दीड मीटर मागे.

मला कळेना. मग लक्षात आलं: वरून पाहिलं तर विमान म्हणजे क्रूस! या परक्या माणसांनी घरून मेणाचा क्रूस करून आणला असं वाटलं त्यांना. जाड शेपटीवर तो उभाही छान राहिला.

लीला पुढे झाली. विमान आडवं केलं. नाक पूर्वेला. मागे सरली.

फादर पुढे झाले. पडलं वाटतं बिचाऱ्यांचं, अशा काळजीनं पुन्हा उभं केलं. मागे सरले.

सांगतो तुम्हाला, त्या देवळात नुसती ये-जा चालली होती! ही गेली की ते यायचे, ते गेले की ही. शब्द एक नाही. दोघंही अंतर पाळणारी. एकदा दोघं एकदम पुढे आली आणि चटका बसल्यासारखी दोघंही मागे पळाली. मी बाकावर तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. लीला शेवटी चिडली. "अहो फादर, आकाशात नाही जायचंय मला! घरी जायचंय!" असं मराठीत म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून, तोंडानं भुर्र करत, त्या वेदीपुढे अर्धा फेरा मारला.

प्रसन्न हसून हसून खुर्चीतून खाली यायचा राहिला. "काकू, तुम्ही? चर्चमध्ये? भुर्र?"

लीलाचे कान लाल झाले. "खरं आहे," ती म्हणाली. "दुसरं काय करणार?"

फादर बघत राहिले. मग लीलानं पर्स उघडली, ताईच्या घराची किल्ली काढली आणि विमानाच्या नाकासमोर ठेवली. माउलीला पत्ता कळायला हवा ना! फादर वाकले. किल्लीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, हिच्या वाळूनं माखलेल्या पायांकडे पाहिलं. "नार हाउस?" त्यांनी विचारलं.

"हाउस," लीला म्हणाली. "हो. हाउस."

त्यानंतर त्यांनी विमानाला बोट लावलं नाही. एक मेणबत्ती पेटवून शेजारी ठेवली. ती लीलानं घाईघाईनं लांब सरकवली, पंख वितळेल म्हणून. फादर हसले, आणि लांबूनच दोन्ही हात जोडून त्यांनी नमस्कार केला. तेव्हा सगळं जगच नमस्कार शिकलं होतं म्हणा. लीलानं किल्ली उचलून पर्समध्ये ठेवली. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते पुन्हा उंबरा झाडत होते.

आणि त्याच आठवड्यात फोन! खास विमानात दोन जागा.

"त्याच आठवड्यात?" प्रसन्ननं लीलाकडे पाहिलं.

"त्याच," ती म्हणाली. मटाराच्या टरफलांचा ढीग तिच्या मांडीवर वाढत चालला होता.

काय तो प्रवास! सगळ्यांना पांढरे डगले, तोंडावर पडदे, जसे पंचवीस डझन फादर निघालेत मिशनला. मी एअर होस्टेसला म्हणालो, एक पंख जरा जाड वाटतो, तर ती म्हणाली...

"पुढे," प्रसन्न म्हणाला.

पुढे मुंबईत उतरल्यावर घरी सोडतात होय! हॉटेलात कोंडलं. खिडकी पूर्वेला, उघडत नव्हती. लीला काचेला नाक लावून उभी, ठाणं दिसेल म्हणून. रोज चारला ताईचा फोन. "कुठवर आलीस?" "आले गं, ठाण्याच्या पुलापर्यंत आले." इथपर्यंत मी सांगतो आणि थांबतो. दरवेळी टाळ्या पडतात, चहा येतो.

पण या वेळी चित्रा पुढे झुकली. ही मुलगी सगळ्या वेळात एकदाही हसली नव्हती. "काका, पण ताई? ताई भेटल्या ना?"

मटार सोलायचा आवाज थांबला. मी लीलाकडे पाहिलं नाही. मी चित्राकडेच पाहिलं आणि म्हणालो, म्हणजे काय! भेटल्या म्हणजे? अगं, हॉटेलातून सुटलो ते टॅक्सी थेट ठाण्याला. सोसायटीच्या फाटकाशी पिंप, साबण, हात धुवा, नाव सांगा. लीला कसली थांबते! तशीच जिना चढायला लागली. या वयात, तोंडाला मास्क, धापा टाकत. मी दोन पिशव्या घेऊन मागे. पहिल्या मजल्यावर हिची चप्पल वाजली, आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, कडीचा आवाज!

प्रसन्ननं फोन उलटा करून ठेवला. वाळवंट त्याला पटलं नव्हतं, उंट पटला नव्हता. हे मात्र त्यानं एका घोटात गिळलं. चित्राच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मला आणखी चेव आला.

दार सताड उघडं! ताई चौकटीला धरून उभी. पाय सुजलेले, श्वास लागलेला, पण उभी. हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? किती वाळलीस!" आणि आत वळून म्हणते कशी...

"खोटं," लीला म्हणाली. दुपारभरात पहिल्यांदा तिनं मान वर केली होती. "दार किल्लीनं उघडलं आपण."